स्तुती आणि सत्ता : भीमाकाठावरून दिसणारे मराठी स्तुतिकाव्य

राजाची स्तुती करणारे काव्य हा साहित्यातला फार जुना आणि तितकाच बदनाम प्रकार आहे. भाट, खुशमस्कऱ्या, पोटार्थी कवी अशी नावे ठेवून समीक्षक त्याला बाजूला सारतात आणि इतिहासकार अतिशयोक्ती म्हणून त्यातला मजकूर गाळून टाकतात. पण एका साध्या प्रश्नाचे उत्तर त्यामुळे राहून जाते. ज्याच्यापाशी फौज आहे, खजिना आहे, किल्ले आहेत, त्याला कवीची गरज का पडते? गादीवर बसणे आणि त्या गादीचा हक्कदार ठरणे या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली स्वतःच्या बळावर साधते. दुसरी दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडून, चारचौघांत आणि लोकांच्या लक्षात राहील अशा शब्दांत वदवून घ्यावी लागते. स्तुतिकाव्याचे राजकारण येथून सुरू होते.

हे राजकारण समजून घ्यायला शिक्रापूरच्या आसपासचा भीमाकाठ फार उपयोगी आहे. शिक्रापूरहून पुण्याच्या बाजूला निघाले की सणसवाडीनंतर कोरेगाव भीमा लागते, तिथून आत वढू बुद्रुक आहे आणि पुढे भीमा, भामा व इंद्रायणी यांच्या संगमावरचे तुळापूर. नगरच्या बाजूला याच रस्त्यावर शिरूर आहे, जिथे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ईस्ट इंडिया कंपनीची छावणी होती. भीमा खाली दौंडकडे वळते आणि दौंड तालुक्याच्या समोर, पैलतीरावर, पेडगावचा बहादुरगड उभा आहे. मंत्रिपदापर्यंत पोचलेल्या कवीची राजासह विटंबना व हत्या होणे, विजेत्याने आपल्या सैनिकांची स्तुती दगडात कोरणे आणि पुढे तोच दगड वेगळ्याच लोकांच्या अभिमानाचे स्थान होणे, हे सारे या पट्ट्यात घडले आहे. मराठी स्तुतिकाव्याचा प्रवास पुष्कळ मोठ्या प्रदेशावर पसरलेला असला तरी त्यातले निर्णायक टप्पे येथून स्पष्ट दिसतात.

मराठीच्या आधी जगातल्या एका समृद्ध परंपरेकडे पाहणे आवश्यक आहे, कारण तिचा एक धागा थेट दख्खनपर्यंत येतो. मध्ययुगीन अरबी साहित्यात स्तुतिकाव्य हा कवीचा मुख्य व्यवसायच होता. कसीदा या दीर्घ कवितेत आरंभी विरहाच्या आठवणी, मग वाळवंटातला प्रवास आणि शेवटी ज्याच्या दारी कवी पोचला त्याची स्तुती, असा क्रम रूढ होता. तो कवितेच्या सोयीपुरता नव्हता. हरवलेल्या सुखापासून निघालेला माणूस खडतर वाटेने येऊन ज्याच्यापाशी स्थिरावतो तो जगाची घडी बसवणारा आहे, असा दावा त्या रचनेतच बसवलेला असे. काअब इब्न झुहैर या कवीने पैगंबरांसमोर कसीदा म्हटला तेव्हा त्यांनी आपल्या अंगावरचे वस्त्र त्याला दिले, अशी परंपरा आहे. स्तुतीचा स्वीकार आणि तिचे मोल जाहीरपणे देणे हा दोघांमधला करार असतो, हे त्या प्रसंगाने कायमचे ठरवून दिले.

अब्बासी खलिफा अल-मुअतसिम याने इ.स. ८३८ मध्ये बायझंटाईन साम्राज्याचे अमोरियम हे शहर घेतले. मुहूर्त अनुकूल नाही, असे ज्योतिष्यांनी सांगितले होते. अबू तम्माम याने या विजयावर रचलेल्या प्रसिद्ध कसीद्यात ज्योतिष्यांच्या पोथ्यांना तलवारीने खोटे पाडल्याचे सांगितले आणि लढाईला धर्माच्या विजयाचे रूप दिले. फातिमी खलिफा अल-मुइज्झ याचा कवी इब्न हानी याने त्याहून पुढचे पाऊल टाकले. फातिमी हे इस्माइली इमाम असल्याने त्यांच्याबद्दलची स्तुती जवळजवळ ईश्वरी विशेषणांपर्यंत गेली. ती वरवर अतिशयोक्ती वाटते, पण एका पंथाचा सिद्धांतच ती कवितेतून सांगत होती.

अल-मुतनब्बी या थोर कवीचे चरित्र या व्यवहाराची दुसरी बाजू दाखवते. हलबचा अमीर सैफ अद-दौला याच्या पदरी त्याने नऊ वर्षे काढली आणि बायझंटाईनांशी झालेल्या लढायांवर अमर रचना केल्या. मग बिनसले. तो इजिप्तमध्ये काफूर याच्याकडे गेला. काफूर हा गुलामीतून वर आलेला सत्ताधीश होता. त्याची स्तुती करताना कवीच्या मनात एखाद्या प्रांताची सुभेदारी होती. ती मिळाली नाही. इ.स. ९६२ मध्ये तो निसटला आणि काफूरवर त्याने अतिशय विषारी निंदाकाव्य लिहिले. काफूरचे कर्तृत्व मोठे होते, तरी शतकानुशतके अरबी वाचकांनी त्याला मुतनब्बीच्या शिव्यांतूनच ओळखले. स्तुती करणाऱ्याच्या हाती निंदेचेही शस्त्र असते, म्हणूनच त्याच्या स्तुतीला किंमत येते.

हा कसीदा फारसीमार्गे दख्खनी भाषेत आला. विजापूरचा कवी नुसरती याने आपला आश्रयदाता दुसरा अली आदिलशाह याच्यावर ‘अलीनामा’ हे दीर्घकाव्य रचले आणि त्यात कसीदेही घातले. मोगल आणि शिवाजी महाराज या दोघांशी झालेले आदिलशाहीचे संघर्ष त्यात विजापूरच्या नजरेतून येतात. ज्या काळात मराठी शाहीर अफझलखानाच्या वधाचा पोवाडा गात होते, त्याच काळात विजापुरी कवी आपल्या सुलतानाचे शौर्य गात होता. दोन्ही बाजूंची कवने शेजारी ठेवून वाचल्याशिवाय सतराव्या शतकातल्या दख्खनचे चित्र पुरे होत नाही. मराठी अभ्यासकांनी दख्खनीकडे अजून हवे तितके लक्ष दिलेले नाही, ही मोठी उणीव आहे.

भोसले घराण्याने काव्याचे हे सामर्थ्य दुसऱ्या कोणाकडून शिकण्याची वाट पाहिली नाही. पुणे आणि सुपे परगण्यांची जहागीर असलेले शहाजीराजे बंगळूरला होते, तेव्हा त्यांच्याकडे अनेक भाषांचे कवी येत. जयराम पिंड्ये या कवीने ‘राधामाधवविलासचंपू’ या ग्रंथात ते वातावरण टिपले आहे. आपल्याला बारा भाषा येतात असे सांगणारा हा कवी शहाजीराजांच्या सभेत निरनिराळ्या भाषांतून झालेली स्तुती नोंदवतो. नावाने आदिलशाहीचा सरदार असलेला माणूस अशी बहुभाषिक सभा भरवतो, याचा अर्थ तो स्वतःकडे राजा म्हणून पाहू लागला आहे. वि. का. राजवाडे यांनी १९२२ साली हा ग्रंथ संपादित केला आणि त्याला लिहिलेल्या प्रदीर्घ प्रस्तावनेत त्यातून मराठ्यांच्या राज्यकल्पनेचा माग काढला. राजवाड्यांची काही अनुमाने आज मान्य होणार नाहीत. मात्र दरबारी काव्य हा इतिहासाचा गंभीर पुरावा आहे, हे मराठी वाचकाला त्यांनी पटवले.

शिवाजी महाराजांच्या काळात हीच गोष्ट पुष्कळ अधिक योजनापूर्वक झाली. राज्याभिषेक ६ जून १६७४ रोजी रायगडावर झाला. त्याच्या आधीच्या वर्षांत महाराजांवरचे काव्य एकाच वेळी तीन भाषांत आणि तीन वेगळ्या श्रोत्यांसाठी तयार होत होते. हा योगायोग मानणे कठीण आहे.

पहिला श्रोता पंडितांचा. नेवाशाचे कवींद्र परमानंद यांनी महाराजांच्याच इच्छेवरून संस्कृतात ‘शिवभारत’ रचायला घेतले. कवी काशीला गेला आहे, तिथल्या पंडितांनी शिवचरित्र ऐकण्याची इच्छा दाखवली आणि कवी त्यांना ते सांगतो, अशी ग्रंथाची मांडणी आहे. नायक विष्णूचा अवतार आहे आणि काव्याला पुराणाचे रूप दिलेले आहे. राज्याभिषेकाचा विधी करायला पुढे काशीचेच गागाभट्ट आले, हे लक्षात घेतले की ही काशी नुसती कथेची चौकट राहत नाही. क्षत्रियत्वाचा आणि अभिषेकाचा हक्क ज्यांनी मान्य करायचा, त्यांनाच कवीने आपल्या ग्रंथात श्रोते म्हणून बसवले. हे काव्य बत्तिसाव्या अध्यायाच्या आरंभीच थांबते. स. म. दिवेकर यांनी ते १९२७ साली प्रसिद्ध केले, तोपर्यंत सामान्य मराठी वाचकाला ते माहीतच नव्हते.

दुसरा श्रोता उत्तरेतल्या दरबारांचा. कवी भूषण हा आजच्या कानपूर भागातला. त्याने ब्रज भाषेत लिहिलेला ‘शिवराजभूषण’ १६७३ मध्ये पुरा झाला. हा ग्रंथ अलंकारशास्त्राचा आहे. एकेका अलंकाराचे लक्षण द्यायचे आणि त्याचे उदाहरण म्हणून शिवाजी महाराजांवर छंद रचायचा, अशी त्याची पद्धत आहे. यातली युक्ती विलक्षण आहे. ब्रज ही त्या काळी रजपूत दरबारांपासून मोगल सरदारांच्या बैठकांपर्यंत समजली जाणारी काव्यभाषा होती. काव्यशास्त्र शिकू पाहणारा विद्यार्थी उपमा शिकता शिकता शिवाजीचे शौर्य पाठ करणार आणि रूपक शिकताना औरंगजेबाची फजिती. शिवाजी महाराजांचे नाते भूषण सिसोदियांशी जोडतो, तेही याच श्रोत्यांसाठी. आपण कोणत्या कुळातले, हा प्रश्न दख्खनपेक्षा रजपुतान्यात अधिक अडवणारा होता.

तिसरा श्रोता मावळातला आणि देशावरचा. त्याच्यासाठी पोवाडा होता. अफझलखानाचा वध १० नोव्हेंबर १६५९ रोजी झाला. त्यावरचा अज्ञानदासाचा पोवाडा हा उपलब्ध पोवाड्यांत फार जुना मानला जातो. जिजाबाईंच्या सांगण्यावरून तो रचला गेला आणि शाहिराला घोडा व सोन्याचा तोडा मिळाला, अशी हकिकत आहे. या रचनेत अवतारकल्पनेपेक्षा तपशिलाला महत्त्व आहे. कोण सरदार बरोबर होते, कोणता किल्ला कोणाकडे, भेटीची तजवीज कशी झाली, हे शाहीर मोजून सांगतो. श्रोत्यांत त्या सरदारांचे भाऊबंद असणार, हे त्याला ठाऊक आहे. राजाच्या स्तुतीत साथीदारांच्या नावांना जागा देणे हे येथे राज्य बांधण्याचेच काम आहे. ज्याचे नाव पोवाड्यात आले त्याच्या घराण्याचा राज्यावर हक्क निर्माण झाला आणि राज्याचा त्या घराण्यावर.

शाहीर तुळशीदासाच्या सिंहगडावरील पोवाड्यात हे आणखी ठळक दिसते. त्याचा नायक राजा नसून तानाजी मालुसरे हा सरदार आहे. मुलाचे लग्न बाजूला ठेवून मोहिमेवर निघणे, कडा चढायला घोरपडीचा उपयोग, असे लोकमानसात रुतून बसलेले प्रसंग या पोवाड्यानेच पसरवले. पुढे हरिभाऊ आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीने ते घरोघर नेले. घोरपडीची गोष्ट खरी की खोटी, यावर पुष्कळ शाई खर्च झाली आहे. त्यापेक्षा महत्त्वाचे हे की चाकरी बजावताना पडलेल्या माणसाला राजाच्या तोडीचा मान देणारी स्तुती मराठीत इतक्या लवकर उभी राहिली.

संभाजी महाराजांच्या काळात कवी आणि सत्ता यांतले अंतर जवळजवळ नाहीसे झाले. संभाजी महाराज स्वतः संस्कृत कवी होते आणि त्यांच्या ‘बुधभूषण’ या ग्रंथाच्या आरंभी आजोबा व वडील यांची स्तुती आहे. वारसाने वडिलांचे स्तवन रचणे म्हणजे आपला वारसाहक्क काव्यातून सांगणे. कवी कलश हा उत्तरेतून आलेला कवी त्यांचा सर्वांत जवळचा सल्लागार झाला. त्याला ‘छंदोगामात्य’ हा किताब होता. जुन्या कारभाऱ्यांना हे रुचले नाही आणि मराठी बखरींनी कलशाला अत्यंत काळ्या रंगात रंगवले. आधुनिक इतिहासकारांनी त्यातला पुष्कळसा भाग मत्सराचा म्हणून बाजूला काढला आहे, आणि ते योग्यच झाले.

फेब्रुवारी १६८९ मध्ये संगमेश्वरी संभाजी महाराज आणि कलश एकत्र पकडले गेले आणि औरंगजेब बादशहाच्या छावणीत, पेडगावच्या बहादुरगडावर, आणले गेले. विदूषकाची टोपी आणि पोशाख चढवून त्यांची धिंड काढण्यात आली. राजाला छत्रचामर, नौबत आणि बिरुदावली यांनी जे मिळते, ते एकेक करून उलटे करण्याचा हा विधी होता. सत्ताधीशाला नुसते ठार करून भागत नाही, त्याची स्तुतीही पुसावी लागते, हे मोगल दरबाराला पक्के माहीत होते. याच प्रसंगी घडलेली म्हणून सांगितली जाणारी एक कथा स्तुतिकाव्याच्या अभ्यासात अत्यंत मोलाची आहे. कैदी समोर आणले तेव्हा औरंगजेब सिंहासनावरून उतरला आणि त्याने गुडघे टेकून ईश्वराचे आभार मानले. साखळदंडात असलेल्या कलशाने तिथल्या तिथे कवित्त रचले. राजा, तुझे तेज पाहून आलमगीरालाही तख्तावर बसवेना आणि तुला मान देण्यासाठी तो खाली उतरला, असा त्याचा आशय. बादशहाच्या कृतीचा अर्थ ठरवण्याचा हक्क कवीने शेवटच्या क्षणी बादशहाकडून हिसकावून घेतला. ही कथा अक्षरशः खरी असो वा नसो, ती सांगणाऱ्यांना स्तुतीच्या सामर्थ्याची जाण किती खोल होती हे तिच्यातून कळते. ११ मार्च १६८९ रोजी भीमाकाठी, तुळापूर-वढूच्या परिसरात, राजा आणि कवी दोघांचीही हत्या झाली. वढू बुद्रुकला समाधी आहे. अंत्यसंस्कार कोणी केले याबद्दल गोविंद गोपाळ यांची आणि शिवले-देशमुखांची अशा वेगवेगळ्या परंपरा गावात सांगितल्या जातात. हौतात्म्याच्या कथेत आपल्या पूर्वजाला जागा असावी ही ओढ अज्ञानदासाच्या श्रोत्यांपासून आजपर्यंत तशीच आहे.

पेशवाईत पोवाड्याचे केंद्र पुण्याला आले. संगमनेरचा अनंत फंदी, सोलापूरचा राम जोशी, प्रभाकर, होनाजी बाळा, परशराम, जेजुरीचा सगनभाऊ या शाहिरांनी लावणी आणि पोवाडा दोन्ही हाताळले. डफ-तुणतुण्यावर शाहीर कडवे टाकतो आणि झीलकरी ते उचलून धरतात. जत्रेत, वाड्यात, छावणीत, सगळीकडे हे चालत असे. बिदागी पेशव्यांकडून आणि सरदारांकडून येई, म्हणून विषयही त्यांचे. सवाई माधवरावांचा रंगोत्सव, १७९५ ची खर्ड्याची लढाई, नाना फडणविसांची मुत्सद्देगिरी. खर्ड्यावर तर अनेकांनी पोवाडे रचले. निजामावरचा हा विजय म्हणजे पेशवे, शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले एकत्र आल्याची शेवटची मोठी घटना होती आणि फुटू लागलेल्या राज्याला ती एकी पुन्हा पुन्हा ऐकावीशी वाटत होती. खर्ड्याचे पोवाडे विजयोत्सव म्हणून वाचले जातात. त्यांत एकीची याचनाही आहे.

या काळातल्या शाहिरांना आश्रयदात्याचे दोष दिसत नव्हते असे नाही. अनंत फंदीला अहिल्याबाई होळकरांनी लावण्या सोडून कीर्तनाकडे वळण्यास सांगितले, ही प्रसिद्ध आख्यायिका आहे. कवीला सुनावण्याचा अधिकार आश्रयदात्रीला आणि राज्यकर्त्यांना सुनावण्याचा कवीला, असा परस्परसंबंध तिच्यात गृहीत आहे. प्रभाकराने पेशवाई बुडाल्यावर केलेल्या रचनेत हळहळ आहे आणि जाबही आहे. सगनभाऊ हा मुसलमान शिकलगार. त्याने नोव्हेंबर १८१७ च्या खडकीच्या लढाईवर पोवाडा केला. बिदागी देणारा दरबारच उरला नसता गायलेली ही स्तुती आहे. तिला खुशामत म्हणता येत नाही. तिच्याकडे दुसऱ्या नावाने पाहावे लागते आणि ‘शोक’ हे त्यातल्या त्यात जवळचे नाव आहे.

खडकीनंतर दोन महिन्यांच्या आतच शिक्रापूरच्या रस्त्याने इतिहास गेला. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टाँटन याच्या हाताखाली कंपनीची तुकडी शिरूरहून पुण्याकडे निघाली आणि १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव येथे तिची पेशव्यांच्या सैन्याशी दिवसभर लढाई झाली. कंपनीने तिथे जयस्तंभ उभारला. त्यावर इंग्रजी आणि मराठीत लेख आहे आणि पडलेल्या सैनिकांची नावे कोरलेली आहेत. हेही स्तुतिकाव्याचेच भावंड आहे. पोवाड्यात शाहीर जशी नावे घेतो तशीच येथे ती दगडावर घेतली आहेत, आणि हेतूही तोच. ज्यांनी आपल्यासाठी लढावे असे वाटते, त्यांचा मान जाहीरपणे करणे. पण पोवाड्यात सहसा न येणारी नावे या दगडावर आली. त्यांतली बरीच ‘नाक’ या प्रत्ययाची, म्हणजे महार शिपायांची आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची सैन्यभरती बंद झाली. तेव्हा शिवराम जानबा कांबळे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी याच पराक्रमाचा दाखला सरकारपुढे ठेवला. तुम्हीच कोरलेल्या स्तुतीला जागा, असा तो सवाल होता. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोरेगावला आले आणि स्तंभाचा अर्थ कंपनीच्या हातून कायमचा सुटला. साम्राज्याने स्वतःसाठी उभारलेले स्मारक, ज्यांना शस्त्र धरण्याच्याही लायकीचे मानले जात नव्हते त्यांच्या आत्मसन्मानाची खूण बनले. भीमराव कर्डक यांचे आंबेडकरी जलसे आणि वामनदादा कर्डक यांची गीते यांनी ही नवी स्तुती गावोगाव नेली. तिथे आश्रयदाता कोणीच नव्हता. गाणारे आणि ऐकणारे एकाच वस्तीतले होते. १ जानेवारी २०१८ रोजी कोरेगाव परिसरात हिंसाचार झाला आणि आजूबाजूच्या गावांनाही त्याची झळ बसली. दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसांना कोणी, कसा मान द्यावा हा प्रश्न येथे किती जिवंत आहे ते त्या दिवशी सर्व महाराष्ट्राला कळले.

राजा नसलेल्या काळात राजस्तुती संपायला हवी होती. उलट ती वाढली, कारण आता शिवाजी महाराजांची स्तुती म्हणजे वर्तमानावरचे भाष्य झाले. १८६९ साली जोतीराव फुले यांनी ‘छत्रपती शिवाजीराजे भोसले यांचा पोवाडा’ प्रसिद्ध केला. त्यात महाराज कुळवाडीभूषण आहेत, शेतकऱ्यांचे राजे आहेत. ही रचना कुणबी, माळी, महार, मांग यांच्या उपयोगी पडावी म्हणून अवघड संस्कृत शब्द टाळले, असे फुल्यांनी प्रस्तावनेत स्पष्ट सांगितले आहे. ‘शिवभारता’तल्या काशीच्या पंडितांच्या जागी आता शेतात राबणारा श्रोता आला. मराठी स्तुतिकाव्याच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा बदल आहे. नायक तोच राहिला. मालक बदलला.

१८९१ मध्ये मुंबईचा सनदी अधिकारी हॅरी अॅकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह छापला. १८९४ मध्ये अॅकवर्थने काहींची इंग्रजी भाषांतरेही काढली. सरकारी अधिकाऱ्याला तेव्हा ही कवने निरुपद्रवी वाटत होती. १८९६ मध्ये लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने रायगडावर शिवोत्सव झाला. पुढच्याच वर्षी, १५ जून १८९७ च्या ‘केसरी’त, शिवाजी महाराज आजची दशा पाहून बोलत आहेत अशा कल्पनेची एक कविता आली आणि टिळकांवरील राजद्रोहाच्या खटल्यात ती पुरावा ठरली. शिक्षा झाली अठरा महिन्यांची. सरकारबद्दल प्रीती नसणे म्हणजेच अप्रीती, असा अर्थ न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला सांगितला. सत्तेला प्रजेकडून नुसती शांतता पुरत नाही, प्रेमही हवे असते, हे एवढ्या उघडपणे क्वचितच कोणी बोलले असेल. स्तुतीची अपेक्षा येथे कायद्याच्या कलमात शिरली. १९०९ मध्ये बाबाराव सावरकरांना कविता प्रसिद्ध केल्याबद्दल जन्मठेप झाली. विनायक दामोदर सावरकरांचे तानाजी आणि बाजीप्रभूंवरचे पोवाडे सरकारने जप्त केले. जुन्या सरदारांचे गुणगान गाणे हा गुन्हा होऊ शकतो, हे अॅकवर्थला १८९१ मध्ये पटले नसते.

विसाव्या शतकाच्या मध्यावर पोवाड्याचा नायक आणखी बदलला. अण्णा भाऊ साठे यांनी स्टालिनग्राडच्या लढवय्यांवर पोवाडा रचला. वाटेगावच्या मातंग कुटुंबात जन्मलेल्या, शाळा जवळजवळ न पाहिलेल्या शाहिराने व्होल्गाकाठच्या कामगारांचे शौर्य डफावर गावे, यात अंतर किती आणि जवळीक किती हे दोन्ही दिसते. बार्शीचे अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभे केले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात या शाहिरांनी केलेली जागृती वर्तमानपत्रांच्या बरोबरीची होती. स्तुतीचा विषय आता गिरणीकामगार, हुतात्मे आणि मुंबई. १ मे १९६० रोजी राज्य झाले आणि मग नव्या राज्यालाही शाहीर हवे झाले. सरकारी योजनांचा प्रचार, निवडणुकीच्या सभा, पुढाऱ्यांचे सत्कार यांत डफ वाजू लागला. यातले काही चांगले आहे. बरेचसे मात्र जुन्या बिदागीच्या व्यवहाराची फिकी नक्कल आहे, कारण त्यात मुतनब्बीची किंवा प्रभाकराची सुनावण्याची ताकद उरलेली नाही. निंदेचा हक्क सोडून दिलेल्या शाहिराची स्तुती ऐकणारा मनावर घेत नाही.

पोवाडा वाचताना म्हणून तीन गोष्टी आधी तपासाव्यात : तो कोणापुढे म्हटला गेला, त्याचे मोल कोणी दिले आणि त्यात कोणाची नावे आली व कोणाची वगळली गेली. घटना खऱ्या की खोट्या हा प्रश्न त्यानंतरचा. अॅकवर्थ-शाळिग्राम आणि नंतर य. न. केळकर यांच्या संग्रहांमुळे अभ्यासाला पाया मिळाला आहे, पण छापले गेले त्याहून कितीतरी अधिक गायले गेले. शिरूर, दौंड, जेजुरी, सुपे या भागांत गोंधळी, शाहीर आणि जलसेकार यांच्या घराण्यांत कवनांची बाडे असण्याचा संभव मोठा आहे. माळ्यावरच्या ट्रंकेत ती कसरीने खाल्ली जाण्याआधी त्यांच्या नकला झाल्या पाहिजेत. ज्यांच्या घरी असे एखादे बाड असेल त्यांनी ते पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाला किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या मराठी विभागाला दाखवावे आणि ज्या वृद्धांना कवने तोंडपाठ आहेत त्यांच्याकडून ती आताच ध्वनिमुद्रित करून घ्यावीत.